सुरसागरकाठची गायनशाळा

बडोदे शहराच्या मध्यभागी सुरसागर नावाचे जे विस्तीर्ण तळे आहे, त्याच्या काठाने दिवेलागणीच्या सुमारास न्यायमंदिराच्या बाजूने चालत निघाले असता, रिक्षांचा आणि फेरीवाल्यांचा कोलाहल अगदी भर कानावर असतानाच, तंबोऱ्याची गंभीर आस, तबल्यावर चाललेला एखाद्या कायद्याचा रियाज आणि कोणा कोवळ्या कंठाची अजून पुरती न सावरलेली आलापी ही तिन्ही परस्परांत मिसळून रस्त्यावर उतरतात, आणि घाईने चाललेल्या माणसाचेही पाऊल क्षणभर मंदावते. नवख्या माणसास सहज वाटावे की तळ्याचे नाव या सुरांवरूनच पडले असावे. परंतु सुरसागरातील सूर हा गाण्यातला सूर नव्हे, सुरेश्वर देसाई नावाच्या एका जुन्या गृहस्थाशी त्या नावाचा संबंध आहे. तळ्याने आपल्या नावाचा नवा अर्थ मागाहून मिळविला, आणि तो ज्या संस्थेमुळे मिळविला ती आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगजीवी कलांची विद्याशाखा म्हणून ओळखली जात असली, तरी तिचे मूळ 1886 साली बडोदे सरकारने काढलेल्या गायनशाळेत आहे.

गायनशाळा हा शब्द आज आपल्याला इतका घरगुती वाटतो की त्यातील धाडस ध्यानात येत नाही. शाळा म्हटली की हजेरी आली, इयत्ता आली, वेळापत्रक आले, परीक्षा आली, आणि मुख्य म्हणजे ज्याची जातकुळी शिक्षकाने विचारायची नाही असा कोणाचाही मुलगा समोरच्या बाकावर येऊन बसण्याचा अधिकार आला. आणि ज्या विद्येचे आयुष्यच मुळी बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे आणि फार तर गंडा बांधून वर्षानुवर्षे सेवा केलेल्या शिष्याकडे जाण्यात गेले होते, त्या विद्येला हा अधिकार मान्य करावयास लावणे ही लहान गोष्ट नव्हती. पुण्यास गायनसमाज 1874 पासून होता, कलकत्त्यास सौरींद्रमोहन टागोरांनी 1871 सालीच संगीतविद्यालय काढले होते. पण लाहोरास विष्णु दिगंबर पलुस्करांचे गांधर्व महाविद्यालय निघावयास 1901 साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे बडोद्याच्या शाळेचे काळातील स्थान कळते. राजाच्या खजिन्यातून, राज्याच्या शिक्षणव्यवस्थेचे एक अंग म्हणून, सामान्य रयतेच्या मुलांना गाणे शिकविण्याचा तो उद्योग होता.

तो ज्यांच्या हातून झाला ते मौलाबक्ष बडोद्याचे नव्हते. दिल्लीच्या पश्चिमेस भिवानीच्या मुलुखात 1833 साली त्यांचा जन्म झाला, आणि मौलाबक्ष हे नावही, त्यांच्या कुटुंबात सांगत आल्याप्रमाणे, तरुणपणी त्यांचे गाणे ऐकून संतुष्ट झालेल्या एका फकिराने त्यांस दिलेले होते. त्याच कुटुंबात आणखी एक कथा सांगतात. घसीटखाँ म्हणून एक थोर गवई होते आणि परक्यास विद्या न देण्याचा त्यांचा बाणा होता. तरुण मौलाबक्षांनी त्यांच्या दरवानाशी स्नेह जोडला, आणि उस्तादांचा रात्रीचा रियाज चालू असता दाराबाहेर बसून कानांनी जेवढे वेचता येईल तेवढे वेचले, घरी येऊन घोटले, पुन्हा रात्री त्या दाराशी जाऊन बसले; असे दिवसांमागून दिवस गेल्यावर एकदा खुद्द घसीटखाँच्या कानी आपलीच चीज, आपल्याच ढंगाने, परक्या गळ्यातून आली, आणि चौकशीअंती खरा प्रकार कळल्यावर त्यांनी रागावण्याऐवजी त्या मुलाला आत बोलावून शिष्य केले. घराण्यांच्या अशा कथांना जो संस्कार होत जातो तो याही कथेस झाला असेल. मला मात्र ती खरी मानावीशी वाटते, कारण पुढे या माणसाने आयुष्यात जे केले त्याचा उगम दुसरीकडे कोठे शोधावा हे सुचत नाही. जो दाराबाहेर बसून शिकला त्यालाच दाराचे माप नेमके ठाऊक असते.

पुढे भ्रमंती करीत ते दक्षिणेत उतरले, म्हैसूरच्या दरबारी त्यांचा मोठा सन्मान झाला, आणि उत्तरेकडील गवयांना ज्याची केवळ ऐकीव माहिती असे त्या कर्नाटक संगीताचा त्यांनी जिज्ञासेने अभ्यास केला. त्या पद्धतीत त्यांना जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटली असावी ती तिची शिस्त: स्वरावली, अलंकार, गीते अशा पायऱ्यांनी विद्यार्थ्यास वर नेण्याची जी रीत पुरंदरदासांच्या नावाने तिकडे घरोघर चालते, तीत मुलगा पहिल्या दिवशी कोठे उभा आहे आणि सहा महिन्यांनी कोठे असावा याचा हिशेब असतो. उत्तरेत असा हिशेब उस्तादाच्या लहरीत गुप्त होता. गायनशाळेतील पाठांची चढती मांडणी मी पाहतो तेव्हा मला त्यामागे यमुनाकाठच्या ख्यालगायकीपेक्षा कावेरीकाठची ही पायरीपायरीची शिस्त अधिक दिसते.

खंडेराव महाराजांच्या अमदानीत ते बडोद्यास आले, मध्यंतरी दरबारी वातावरण बिघडले तेव्हा बाहेरही राहिले, 1875 च्या सुमारास कलकत्त्यास जाऊन तेथील संगीताचा नवा उद्योग पाहून आले, आणि अखेर याकुतपुऱ्यातील घरात स्थिर झाले. त्याच 1875 साली, मे महिन्याच्या 27 तारखेस, आणखी एक परगावचा माणूस बडोद्याच्या गादीचा वारस झाला होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी गायकवाडांचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला. अक्षरओळख त्याला बडोद्यास आल्यावर झाली, आणि 1881 च्या डिसेंबरात राज्याचा पूर्ण अखत्यार हाती आल्यावर, ज्याला स्वतःला विद्या उशिरा मिळाली त्याने ती रयतेला लवकर मिळावी म्हणून जे जे केले ते सर्वश्रुत आहे. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले व 1906 मध्ये ते राज्यभर लागू झाले. गायनशाळा त्या मोठ्या तजविजीचाच एक भाग होती. राजाने गवयाला आश्रय दिला असे आपण दरबारी संगीताच्या इतिहासात नेहमी वाचतो. येथे उशिरा शिकलेल्या राजाने आणि दाराबाहेर शिकलेल्या गवयाने मिळून एक शाळा काढली.

या राजाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बडोद्यात गवई, बजवय्ये, नर्तकी, पखवाजी या सर्वांचे मिळून कलावंत खाते होते. जामदारखाना किंवा फरासखाना जसा कारखाना, तसा कलावंत कारखाना. आणि सयाजीरावांचा कारभार इतका लेखी व काटेकोर की या खात्याचे नियमही बांधलेले असत. कोणी केव्हा हजर व्हावे, रजा कोणी मंजूर करावी, गैरहजेरीस दंड किती, हे सर्व दप्तरात लिहिलेले. ज्याचा सूर लागला तर रात्र सरते आणि लागला नाही तर मैफल घटकेत आटोपते, अशा माणसाला हजेरीपटावर उभे करणे कित्येक कलावंतांना जाचक वाटले असले पाहिजे, आणि त्यांच्या त्या व्यथेशी माझी पूर्ण सहानुभूती आहे. परंतु हेही खरे की ज्या लेखणीने कलावंतास दंड लिहिला त्याच लेखणीने गायनशाळेचा खर्च मंजूर केला, शिक्षकांचे पगार बांधून दिले, आणि महाराजांची मर्जी फिरली म्हणून एका रात्रीत संस्था बुडू नये अशी व्यवस्था केली. दरबारी गाणे राजाच्या कानावर अवलंबून असते. शाळेचे गाणे अंदाजपत्रकावर. दुसऱ्याचा आधार अधिक टिकाऊ ठरला.

आता शाळेच्या आत काय घडत असे ते पाहू. वर्गात वीस-पंचवीस मुले एकत्र बसली म्हणजे उस्तादाची जुनी रीत उपयोगी पडत नाही. उस्ताद एकाच शिष्याच्या डोळ्यात डोळा घालून एक तान दहा वेळा, दर वेळी थोडी निराळी म्हणतो, आणि त्या निराळेपणातूनच शिष्याला रागाचा चेहरा कळतो. पंचवीस मुलांना मात्र एकच गोष्ट, एकाच रूपात, एकाच वेळी सांगावी लागते. ती घरी गेल्यावर विसरू नये म्हणून कागदावर द्यावी लागते. म्हणून मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, स्वरांच्या अक्षरांना सप्तकाच्या आणि कालमानाच्या खुणा जोडल्या, आणि पाठ्यपुस्तके छापून घेतली. ‘संगीतानुभव’ हे त्यांचे पुस्तक 1888 चे. विलायती पाच रेघांचा आराखडा त्यांना ठाऊक नव्हता असे नाही, परंतु ज्या मुलाला सा रे ग म उच्चारून गायचे आहे त्याला सा रे ग म हीच अक्षरे कागदावर दिसावीत हा त्यांचा विचार मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. पुढे संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी जी चिन्हे रूढ केली, म्हणजे मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, गीताच्या लांबविलेल्या अक्षरास अवग्रह, तीच आज महाराष्ट्रात बहुतेक गायनवर्गांत दिसतात आणि मौलाबक्षांची लिपी इतिहासजमा झाली. पण लिपी बदलली तरी लिहिण्याची हिंमत त्यांची.

या हिमतीची किंमत पडली नाही असे नाही. कागदावर स्वर उतरतो, त्याची आस उतरत नाही. दरबारी रागाचा गंधार ज्या संथपणे झुलतो तो झोका कोणत्याही रेघेने दाखविता आलेला नाही. जुन्या गवयांचा आक्षेप हाच होता, आणि तो खोटा नव्हता. मला एवढेच म्हणावयाचे आहे की तो आक्षेप घेणारांपैकी बहुतेकांची स्वतःची दारे बंद होती.

अनेक कंठांना एकत्र गावयास लावण्याचा विचार करू लागलो की माझे मन नेहमी एका फार दूरच्या माणसाकडे जाते. युक्रेन देशाच्या पूर्वपरंपरेच्या ख्रिस्ती देवळांत वाद्य वाजवीत नाहीत. उपासनेचा सगळा भार मानवी कंठावर असतो, उंच, मध्यम आणि खर्जाचे आवाज निरनिराळ्या ओळी एकाच वेळी गातात, आणि त्या सर्वांना सांभाळणारा एक माणूस पुढे उभा राहून केवळ हाताच्या खुणेने त्यांचा श्वास एक करतो. आपल्या संगीतात असा माणूस का झाला नाही, याचे उत्तर सोपे आहे: आपल्याकडे ओळ एकच असते. भजनात पन्नास टाळकरी असले तरी चाल एकच, म्हणून पुढे उभे राहून हात हलविणारा लागत नाही. मृदंगाची थाप पुरते. युक्रेनच्या अशा एका गायकवृंदाचे नायक अलेक्सांद्र कोशित्स यांना 1919 साली, आपला देश स्वतंत्र आहे हे युरोपाला गाण्यातून कळावे म्हणून, तेथील अल्पायुषी प्रजासत्ताकाने परदेशी पाठविले. वृंद गात गात पुढे गेला आणि मागे प्रजासत्ताकच नाहीसे झाले. 5 ऑक्टोबर 1922 या दिवशी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी ‘श्चेद्रिक’ हे नववर्षाचे लोकगीत गायिले, जे पुढे इंग्रजी शब्द लेवून नाताळचे गीत म्हणून जगभर झाले. त्याची चारकंठी रचना करणारे लेओन्तोविच त्यापूर्वीच, 1921 च्या जानेवारीत, गोळीस बळी पडले होते. कोशित्स मायदेशी परतले नाहीत. कॅनडात विनिपेग शहरी, जेथे त्यांच्यासारखेच हजारो देशबांधव शेती करावयास येऊन राहिले होते, 1944 च्या सप्टेंबरात त्यांचा अंत झाला. देश गेला, गाणे राहिले. कारण ते लिहिलेले होते आणि ते एकट्याचे नव्हते.

मौलाबक्ष 1896 साली वारले. त्यांचे चिरंजीव अल्लाउद्दीन यांना सयाजीरावांनी विलायतेस पाठवून लंडनच्या रॉयल अकॅडमीत पाश्चात्त्य संगीत शिकविले, आणि ते परत येऊन राज्याच्या संगीतव्यवस्थेत दाखल झाले. परंतु या घराण्याची जी शाखा अधिक दूर गेली ती मुलीकडून. पंजाबातून आलेले धृपदगायक रहमतखाँ हे मौलाबक्षांचे जावई, आणि त्यांचा मुलगा इनायत, 5 जुलै 1882 रोजी याकुतपुऱ्यातील त्याच घरात जन्मलेला, आजोबांच्या शाळेतच शिकला. लहानपणी त्याने दरबारात गणपतीचे संस्कृत स्तोत्र गायिले आणि महाराजांनी त्याला कंठा व शिष्यवृत्ती दिली, असे त्याचे चरित्रकार लिहितात. मुसलमान गवयाच्या घरातील मुलगा, संस्कृत गणेशस्तोत्र, मराठी राजाचा दरबार आणि गुजरातचे शहर, या चार गोष्टी एका क्षणी एकत्र आल्या यात त्या काळच्या बडोद्याला काही विशेष वाटले नसावे, आणि तेच मला विशेष वाटते. तरुणपणी याच शाळेत शिकवून, पुढे हैदराबादेस सूफी गुरूंची दीक्षा घेऊन, 13 सप्टेंबर 1910 रोजी इनायतखाँ मुंबईहून अमेरिकेस निघाले. भाऊ मेहबूबखाँ आणि आतेमामेभावांपैकी महंमद अली खाँ बरोबर होते. परक्या देशांत ते गात, वीणा वाजवीत आणि हळूहळू गाण्यापेक्षा उपदेशाकडे वळत गेले. 1909 साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी गायिलेल्या तबकड्या नसत्या तर त्यांचा तो तरुण, धारदार आवाज आपल्याला मिळालाच नसता. मॉस्कोत असता त्यांना मुलगी झाली. तिचे नाव नूर. पॅरिसला संगीत शिकलेली ही मौलाबक्षांची पणती दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या गुप्त खात्याकडून बिनतारी संदेशवाहक म्हणून फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली, आणि 13 सप्टेंबर 1944 रोजी, वडिलांनी हिंदुस्थानचा किनारा सोडल्याला बरोबर चौतीस वर्षे होत असता, डाखाउच्या छळछावणीत मारली गेली. कोशित्स विनिपेगला गेले ते त्यानंतर आठच दिवसांनी. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण गाण्याच्या घरातून निघालेली माणसे त्या महिन्यात किती दूर दूर जाऊन संपत होती हे मला त्या शेजारी ठेवल्याशिवाय नीट दिसत नाही.

इकडे शाळा चालूच राहिली. काही काळ तिची सूत्रे राज्याच्या बँडचे युरोपीय प्रमुख फ्रेडलिस यांच्याकडे होती, पुढे भातखंड्यांच्या पद्धतीचे हिरजीभाई डॉक्टर आले. 1916 साली सयाजीरावांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या खटपटीने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यास भरली. तीत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियमवर जो वाद झाला तो आपल्या संगीतशास्त्रातील एक स्मरणीय वाद आहे. शाळेच्या भोवतीचे वातावरणही काही साधे नव्हते. भास्करबुवा बखले जन्मले ते याच राज्यातील कठोर गावी, आणि त्यांना ग्वाल्हेरची गायकी दिली ती बडोद्याच्या फैज महंमदखाँनी. पुढे आफताब-ए-मौसिकी फैय्याजखाँ दरबारात आले व 1950 साली येथेच वारले. त्यांच्याकडे शिकण्यासाठी श्रीकृष्ण रातंजनकर बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन राहिले, आणि त्यांनी ती विद्या लखनौच्या विद्यालयात नेऊन पेरली. 1949 मध्ये विद्यापीठ झाले तेव्हा संगीत, नृत्य आणि नाट्य यांना पदवीच्या विषयांचे स्थान मिळाले, ते या जुन्या शाळेच्या पायावर.

या वास्तूत नृत्याचे पाऊल कसे पडले हीही एक स्थलांतराचीच हकीकत आहे. 1880 साली सयाजीरावांचा पहिला विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला. दिवाण सर टी. माधवराव हे स्वतः त्याच कावेरीकाठचे. वधूबरोबर आंदणात भरतनाट्याचा एक मेळा आला: नर्तकी, नृत्यगुरू म्हणजे नट्टुवनार, वादक. गौरा आणि कांतिमती या त्यांतील नर्तकींचा मेळा कलावंत खात्यात दाखल झाला, त्यांचे वंशज बडोद्याचेच झाले, आणि कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ यांनी येथे पिढ्यान्‌पिढ्यांना भरतनाट्य शिकविले. त्यांचे आडनाव तंजोरकर. गुजरातेत राहून, तमिळ कला शिकवून, मराठी प्रत्यय लावलेले हे आडनाव मला या संस्थेचा संक्षिप्त इतिहासच वाटतो.

याच्या नेमके उलटे आडनाव महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. किराण्याहून आलेले गवई अब्दुल करीमखाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोद्यात होते. सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकल्या, आणि 1898 च्या सुमारास दोघांनी शहर सोडले. मिरजेस संसार झाला, मुले झाली, 1922 मध्ये तो संसार मोडला, आणि ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. थोरल्या मुलाने आजोळचे माने हे आडनाव घेतले व सुरेशबाबू म्हणून तो गाजला. मुलीचे नाव चंपूताई होते. तिकीट लावून भरलेल्या सभागृहात, बैठकीवर ताठ बसून, कुलीन स्त्रीने ख्याल गावा हे महाराष्ट्राने जिच्यामुळे प्रथम मनापासून मान्य केले ती ही मुलगी मिरजेत जन्मली, मुंबईत वाढली, पुण्यात राहिली, आणि ज्या शहरातून आईबाप निघून आले होते त्याचे नाव तिने आयुष्यभर लावले: हिराबाई बडोदेकर.